दामाजीसाठी देव बीदरला गेला, कान्होपात्रेसाठी का नाही?

काजूच्या बोंडांचा आणि आदर्श स्त्रियांचा हंगाम गोव्यात एकदमच येतो. मार्च उजाडला की महिला दिनाचे फलक लागतात, भाषणांची आमंत्रणं येतात आणि शाळांतून वेशभूषा स्पर्धा सुरू होतात. जिजाऊ, झाशीची राणी, अहिल्याबाई, सावित्रीबाई. चार नऊवाऱ्या, एक लाकडी तलवार, एक पाटी-पेन्सिल. दुपारी बारापर्यंत इतिहास आटोपतो आणि सगळ्या जणी वडा-पाव खाऊन घरी जातात.

अशाच एका स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. फोंडा तालुक्यातलं गाव, देवळाशेजारचं सभागृह. नेहमीच्या झाशीच्या राण्या होऊन गेल्यावर दहा वर्षांची एक मुलगी आली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. तिने हात जोडून सांगितलं, ‘मी मंगळवेढ्याची कान्होपात्रा.’ आवाज गोड होता, पाठांतर चोख होतं. बीदरच्या बादशहाचे शिपाई दाराशी आले असं म्हणाली आणि हळूच मंचावर आडवी झाली. मागून तिच्या आईने तिच्या अंगावर एक हिरवी फांदी ठेवली. कान्होपात्रेचं झाड झालं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदराने डोळे पुसले. पहिला क्रमांक तिलाच मिळाला. गुण मीच दिले होते.

त्याच आठवड्यात माझ्या नात्यातल्या एका मुलीचा फोन आला. वडील जाऊन वर्ष झालं होतं. भावांनी कागद तयार केले होते, हक्क सोडल्याचे. ‘तुझं लग्न झालं, तुला काय कमी आहे? उगाच भावांशी वाकडं कशाला? सही करून टाक,’ असं घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं म्हणणं. आणि एका मावशीने तर तिला म्हटलं होतं, ‘आपल्याकडच्या थोर बायका बघ. त्यांनी सगळं सोडलं म्हणून आज त्यांची नावं घेतो आपण.’

फोन ठेवल्यावर मला ती मंचावर आडवी झालेली मुलगी आठवली. आम्ही त्या मुलीला नेमकं कशासाठी बक्षीस दिलं होतं? छान मरण्यासाठी. आणि ह्या मुलीकडून काय मागत होतो? छान सोडण्यासाठी. दोन्हीकडे टाळ्या वाजवणारी माणसं तीच.

म्हणून आज कान्होपात्रेविषयी लिहायचं आहे. तिच्यावर नव्हे, तिच्या नावाने वाजणाऱ्या आपल्या टाळ्यांवर माझा राग आहे.

कान्होपात्रा आपल्याला परकी नाही. १९३१ साली ना. वि. कुलकर्णींचं ‘संत कान्होपात्रा’ हे नाटक रंगभूमीवर आलं. बालगंधर्व कान्होपात्रा झाले, मास्तर कृष्णरावांनी चाली दिल्या, आणि त्या पदांनी गोव्यातल्या उत्सवी रंगभूमीला वेड लावलं. आमच्या गावांत कालोत्सव झाला, पालखी आत गेली, की मंडपात नाटक उभं राहायचं. पहाटे तीनला शेवटच्या प्रवेशात कान्होपात्रा विठ्ठलाच्या पायांशी कोसळायची तेव्हा सोप्यावर बसलेले म्हातारेसुद्धा नाक ओढत. आपल्या देहावर पुरुषाचा हक्क नाकारणाऱ्या बाईची भूमिका मिशा काढलेला पुरुष करत असे, आणि आपल्यापैकी कुणाला त्यात काही खटकत नसे. पण तो वेगळा विषय.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. काळ पंधराव्या शतकाचा. मंगळवेढ्याच्या शामा नावाच्या गणिकेची ही मुलगी. रूपवान, गाणारी, नाचणारी. आईची इच्छा की हिने आपला व्यवसाय पुढे चालवावा. मुलीने नाही म्हटलं. वारकऱ्यांची दिंडी दारावरून गेली, तिच्यामागून ती पंढरपूरला गेली. वीस-पंचवीस किलोमीटरची वाट, पण गणिकेच्या मुलीसाठी दुसऱ्या जगाची. पुढे तिच्या रूपाची कीर्ती बीदरच्या बादशहाच्या कानी पोहोचली. त्याने शिपाई पाठवले. तिने पुन्हा नाही म्हटलं. शिपायांनी देवळाला वेढा दिला. ‘एकदा विठ्ठलाचं दर्शन घेऊन येते,’ असं सांगून ती आत गेली आणि देवाच्या पायांशी तिने प्राण सोडला. दक्षिणेच्या बाजूला तिला पुरलं, तिथे तरटीचं झाड उगवलं. आजही ते दाखवतात. महिपतींनी १७६२ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे.

आता त्याच ‘भक्तविजया’तली दुसरी गोष्ट घ्या. तीही मंगळवेढ्याची आणि तीही बीदरच्या बादशहाची. दामाजीपंत तिथे बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून तडफडू लागली. दामाजींनी सरकारी कोठारं खुली केली. बादशहाला कळलं, त्याने पकडून आणायला माणसं धाडली. दामाजी बीदरच्या वाटेवर आहेत तोवर पांडुरंगाने विठू महाराचं रूप घेतलं, खांद्यावर घोंगडी टाकली, धान्याची सगळी किंमत बादशहाच्या दरबारात भरली आणि रीतसर पावती घेतली. ती पावती दामाजींना त्यांच्या पोथीत सापडली. दामाजी सुटले. पुढे भरपूर जगले.

दोन्ही गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. कीर्तनात ऐकल्या, नाटकात पाहिल्या. पण त्या शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. तुम्ही ठेवून पाहा.

गाव एक. बादशहा बीदरचाच. देव एक. पुरुष अंमलदार संकटात सापडला तेव्हा देव दोनशेहून अधिक किलोमीटर चालत बीदरला गेला, दरबारात उभा राहिला, हिशेब चुकता करून पावती घेऊन आला. गणिकेची मुलगी संकटात सापडली, तीही त्याच्या स्वतःच्या देवळात, त्याच्या पायांशी, तेव्हा तो विटेवरून हलला नाही. तिच्यासाठी त्याला एकच उपाय सुचला. तिने मरावं.

हा पांडुरंगावरचा आरोप नाही. विठ्ठलाने काय केलं ते विठ्ठल जाणे. गोष्टी माणसं रचतात आणि माणसंच पुढच्या पिढीला सांगतात. पुरुषाची सुटका कशी व्हावी हे रचताना आपली कल्पना थेट दरबारापर्यंत धावली. पावतीसकट सगळा तपशील सुचला. बाईची सुटका रचताना ती मृत्यूपाशीच थांबली. आणि मग त्या मृत्यूवर आपण झाड लावलं, ते पवित्र केलं आणि दहा वर्षांच्या मुलींना त्याचा अभिनय करायला लावला.

इथे मला काय ऐकावं लागणार आहे ते ठाऊक आहे. ‘तुम्हाला भक्तीतलं काही कळत नाही. ते मरण नव्हे, विलीन होणं. संतांना आजचे मापदंड लावू नका.’ बरं. नाही लावत. पण मग तिचे अभंग तरी वाचा. तीसेक अभंग तिच्या नावावर आहेत. तिला कुणी गुरू नव्हता. मुक्ताबाईला भाऊ होते, जनाबाईला नामदेवांचं घर होतं, बहिणाबाईला तुकोबांचा स्वप्नातला उपदेश होता. कान्होपात्रेमागे कुठला संतपरिवार नव्हता, कुणा पुरुषाचं नाव नव्हतं. तरी तिचा शब्द पाच शतकं टिकला आणि देवळाच्या आवारात समाधी मिळाली. हे तिने जिवंतपणी कमावलेलं आहे. आईच्या घराला नाही म्हणणारी, बादशहाला नाही म्हणणारी, आणि ते नाही म्हणणं शब्दांत बांधून ठेवणारी बाई. आदर्श म्हणून घ्यायचं तर हे घ्या. तिच्या शेवटच्या क्षणाचं नाटक करण्यापेक्षा तिचा एक अभंग ताठ उभं राहून म्हणायला मुलीला शिकवा. पण त्यात डोळे पुसायची सोय नाही ना!

ही कथा डोक्यात घेऊन मी बीदरला गेले. पंढरपुराहून मंगळवेढा, मग सोलापूर, तिथून हैदराबादच्या रस्त्याने उमरगा ओलांडलं की कर्नाटक सुरू होतं. पण भाषेची सीमा तिथे लागत नाही. बसवकल्याण, भालकी, औराद ह्या भागांत बाजारात मराठी सर्रास चालते. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर-निलंगा त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, बीदर म्हैसूर राज्यात. आपल्या वर्तमानपत्रांत हा मुलूख उमटतो तो सीमाप्रश्न म्हणून आणि आपल्या कीर्तनात उमटतो तो खलनायकाचं गाव म्हणून. लोककथेतल्या बादशहाला तर नावसुद्धा नाही. नुसता ‘बीदरचा बादशहा’.

खरं तर गोव्याच्या माणसाने बीदरला इतकं परकं समजू नये. १४७२ साली गोवा विजयनगरकडून जिंकून घेतला तो ह्याच बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने. बीदरमधला त्याचा मदरसा त्याच सुमाराचा. त्याच्या भिंतीवरच्या निळ्या-पिवळ्या फरशा अजून थोड्या शिल्लक आहेत. पोर्तुगीज यायच्या आधी काही वर्षं आपला सारा बीदरच्याच खजिन्यात जात होता.

किल्ल्यात फिरताना माझ्या मनात एक प्रश्न होता. कान्होपात्रेच्या शतकात ह्या भिंतींच्या आत बायका काय करत होत्या? उत्तर शोधायला फार दूर जावं लागलं नाही, पण ते आमच्या कुठल्याच महिला दिनाला मी ऐकलेलं नव्हतं.

१४६१ साली हुमायून शाह बहमनी मेला. क्रूरपणासाठी त्याचं नाव इतकं झालं की लोक त्याला ‘जालीम’ म्हणत. बीदरजवळच्या अष्टूरला त्याची कबर आहे. तिचा घुमट वीज पडून अर्धा कोसळला आहे आणि उरलेला अर्धा तसाच उघडा उभा आहे. त्याच्यामागे गादीवर आला तो आठ वर्षांचा मुलगा. राज्य पाहिलं त्या मुलाच्या आईने. नर्गिस बेगम तिचं नाव, मखदूमा-ए-जहाँ ही पदवी. महमूद गावान आणि ख्वाजा जहान ह्या दोन मंत्र्यांना बरोबर घेऊन तिने कारभार हाती घेतला. बाई आणि मूल गादीवर आहे म्हटल्यावर शेजारी टपलेलेच होते. आधी ओरिसाचा राजा चालून आला, त्याला परतवलं. मग माळव्याचा सुलतान महमूद खलजी आला. त्याच्यापुढे बहमनी फौज हरली आणि बीदर शहर शत्रूच्या हाती गेलं. ह्या बाईने काय केलं? मुलाला घेऊन ती भीमेकाठच्या फिरोजाबादला गेली, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात. तिथून गुजरातच्या सुलतानाकडे मदत मागितली. ती आली आणि माळव्याच्या फौजेला मागे फिरावं लागलं. १४६३ साली तो मुलगा वारला, धाकटा गादीवर बसला, पुन्हा कारभार आईकडेच. धाकटा हाताशी आला, कर्तासवरता झाला, तेव्हा ती बाजूला झाली.

हिच्यावर नाटक नाही, कीर्तन नाही, वेशभूषा स्पर्धेत कुणी हिचा पोशाख करत नाही. कारण सांगू? एक तर ती ‘बादशहाच्या घरातली’. पण तेवढंच कारण असतं तर चांदबिबी आपल्या पाठ्यपुस्तकात आली नसती. चांदबिबी आली कारण १५९५-९६ साली अहमदनगरच्या तटावर ती तलवार घेऊन उभी राहिली आणि १६०० साली मारली गेली. तलवार आणि मरण, दोन्ही आहे. नर्गिस बेगमकडे दोन्ही नाही. तिने माघार घेतली, पत्रं लिहिली, मदत मिळवली, राज्य टिकवलं आणि जिवंत राहिली. असल्या बाईचं आपण काय करायचं?

ती देवी नव्हती हेही सांगते. डोईजड झालेल्या ख्वाजा जहानला १४६६ साली भर दरबारात ठार करवण्यामागे हीच होती, असं इतिहासकार लिहितात. राजकारणात पुरुष जे करत आले तेच तिने केलं. शिवाजी महाराजांच्या काळापर्यंतचे सगळे राजे आपण त्यांच्या गुणदोषांसकट वाचतो. बाई मात्र आदर्श व्हायची तर धुतल्या तांदळासारखी हवी, नाहीतर ती यादीतच नको.

धुतल्या तांदळावरून आठवलं. परतताना बसवकल्याणला उतरले. बाराव्या शतकात हे कल्याण. आधी चालुक्यांची राजधानी, मग बिज्जळाची. गोव्याच्या कदंबांचं हे सासर-माहेर. दुसऱ्या जयकेशीने चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची मुलगी मैलालदेवी गोव्यात सून म्हणून आणली होती. ह्याच कल्याणात त्याच विक्रमादित्याच्या पदरी विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. स्त्रीधनाच्या बाबतीत तिने हात मोकळा ठेवला, पण वडिलार्जित मालमत्तेत जन्मापासूनचा हक्क ठेवला तो मुलग्यालाच. तो नियम हिंदू कायद्यातून देशभरासाठी निघायला ९ सप्टेंबर २००५ उजाडावा लागला.

त्याच गावात, मिताक्षरेनंतर साधारण अर्ध्या शतकाने, बसवेश्वरांच्या भोवती शरण जमले. अनुभव मंटपात अल्लमप्रभू अध्यक्ष. वचनं लिहिणाऱ्या बायकांची संख्या तीसहून अधिक भरते. अक्कमहादेवी आपल्याकडेही थोडी माहीत आहे. कौशिक राजाला सोडून, वस्त्रं टाकून, केसांनी अंग झाकून ती चालत कल्याणला आली. आपल्या चित्रांत तिचे केस फार सुंदर काढतात. पण मंटपात तिच्या केसांची चर्चा झाली ती अल्लमप्रभूंच्या उलटतपासणीत. देहाचा मोह सुटला म्हणतेस तर हे केसांचं आवरण कशाला, असं त्यांनी तिला विचारल्याचं सांगतात. तिने उत्तर दिलं. सभेने ते ऐकून घेतलं आणि तिला अक्का म्हटलं. भरसभेत बाईला प्रश्न विचारला जातो, ती उत्तर देते, आणि सभा ते उत्तर मान्य करते. आठशे वर्षांनंतर आपल्या ग्रामसभेत हे किती वेळा होतं ते मोजा.

पण मला सर्वांत आवडली ती आयदक्की लक्कम्मा. नावच तिच्या कामावरून पडलेलं. आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. तिचा नवरा मारय्या बसवेश्वरांच्या महामनेसमोर सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. त्यावर त्यांचं घर चालायचं आणि आल्यागेल्या जंगमाचं जेवणही व्हायचं. एक दिवस तो नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्माने ते पाहिले आणि विचारलं की एवढे कशाला? हाव राजांना असते, ती आपल्याकडे कुठून आली? आधी जास्तीचे परत टाकून ये. मारय्या गेला आणि टाकून आला.

ह्या गोष्टीत तलवार नाही, बादशहा नाही, चमत्कार नाही, मरण नाही. एक कष्टकरी बाई नवऱ्याच्या कमाईचा हिशेब विचारते आणि तो हिशेब द्यावा लागतो, इतकंच. तरी कल्याणच्या लोकांनी ती जपून ठेवली. तिच्याच बरोबरची सुळे संकव्वा. सुळे म्हणजे वेश्या. तिचं एकच वचन उरलं आहे आणि तिने आपल्या देवाला नाव दिलं होतं निर्लज्जेश्वर. कान्होपात्रेच्या तीनशे वर्षं आधी, बीदरच्याच मुलखात, त्याच धंद्यातल्या एका बाईने लाज हाच शब्द देवाच्या गळ्यात बांधला आणि तरी तिला शरणांमध्ये जागा मिळाली.

कल्याण फार काळ टिकलं नाही. ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चांभार हरळय्याचा मुलगा यांचं लग्न झालं म्हणून बिज्जळाने दोन्ही बापांना हत्तीच्या पायी दिलं आणि मग सगळं पेटलं. बापांची नावं पक्की आहेत. नवरदेवाचंही, शीलवंत. जिच्या लग्नावरून राज्य बुडालं त्या मुलीचं नाव मात्र कुठे लावण्या, कुठे कलावती. पळालेल्या शरणांना आणि त्यांच्या वचनांच्या पोथ्यांना सांभाळत बसवेश्वरांची बहीण अक्का नागम्मा आणि तिचा मुलगा चन्नबसवण्णा उळवीला पोहोचले, असं परंपरा सांगते. उळवी जोयडा तालुक्यात, म्हणजे आपल्या सीमेला लागून. कल्याणची राख आपल्या उंबऱ्यापर्यंत आली होती. आपल्याला पत्ताच नाही.

आता आपल्या घरात येऊ. गणिकेच्या मुलीवरचं नाटक पाहून रडणाऱ्या ह्याच गोव्यात, त्याच देवळांच्या आसपास, कलावंतिणींच्या मुलींचं देवाशी लग्न लावलं जात होतं. नाटकातली कान्होपात्रा पुढच्या रांगेतून पाहणारे कोण होते आणि देवळामागच्या घरांतून त्यांचं येणं-जाणं कसं होतं, हे राजाराम पैंगीणकरांच्या ‘मी कोण?’ ह्या आत्मचरित्रात वाचावं. ह्या मुलींसाठी कुणी झाड लावलं नाही. त्यांची सुटका झाली ती समाजाने संघटना उभारून, शाळा काढून, मुलींच्या हाती पाटी दिली म्हणून.

आणि त्यांतल्याच काहींनी जग जिंकलं. केरीच्या केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानावरून माणसाचा आवाज सूर्यमालेबाहेर पाठवला त्यात त्यांचं गाणं आहे. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. त्यांचं गावच साळावलीच्या धरणात बुडालं, पण गाणं उरलं. आज आपण त्यांना ‘गोमंतकाच्या कन्या’ म्हणतो. मोगूबाईंना दौऱ्यांवर मिळणारी हलकी वागणूक लहानपणी पाहिल्याचं किशोरीताई आमोणकरांनी मुलाखतींतून सांगितलं होतं. ती पाहून त्यांनी ठरवलं की आपल्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही. पुढे मैफलीत शांतता हवी, मान हवा, नाहीतर गाणार नाही, असं त्या म्हणू लागल्या. आपण त्याला काय म्हटलं? नखरे. तापट बाई. २०१७ साली त्या गेल्या आणि आठवड्याभरात त्या आदर्श झाल्या. आईने सोसलं ते पाहून मुलीने नाही म्हणायला शिकावं, याहून आदर्श वेगळा काय असतो? पण जिवंत बाईचं नाही आपल्याला सोसत नाही. मेलेल्या बाईचं चालतं. तिच्यावर फांदी ठेवता येते.

म्हणून आदर्श स्त्रियांच्या यादीला मी आता एकच प्रश्न विचारते. ह्या बाईचं काय आपल्या मुलीला उद्या सकाळी उपयोगी पडेल? जिजाऊंची स्वप्नं आणि झाशीच्या राणीचा घोडा ह्यांना मी नावं ठेवत नाही. पण उद्या सकाळी आपल्या मुलीपुढे इंग्रज उभा राहणार नाही. तिच्यापुढे उभे राहतील काका, भाऊ, कचेरीतला साहेब, आणि एक टाईप केलेला कागद. सावित्रीबाईसुद्धा आपण अंगावर शेण झेलणारी म्हणून दाखवतो. ती शाळा चालवणारी होती, म्हणजे रोज हजेरी घेणारी, फळ्यावर लिहिणारी, पैशांची जुळवाजुळव करणारी. उपयोगी पडेल ते हे.

गोव्यात तर कायदा आपल्या मुलींच्या बाजूने केव्हाचा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने, ती १८७० मध्ये इथे लागू झाल्यापासून, मुलीला मुलाच्या बरोबरीने वारस मानलं. मिताक्षरेला २००५ मध्ये जे जमलं ते आपल्याकडे पणजीच्या काळापासून होतं. आज त्या जागी गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे, तोही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. ह्याचा आपण बाहेर फार तोरा मिरवतो. आणि घरात त्यागाच्या गोष्टी सांगून मुलीकडून सही घेतो. कायद्याने दिलेलं आदर्शांनी काढून घ्यायचं, ही आपली युक्ती.

नात्यातल्या त्या मुलीला मी परत फोन केला. तिने विचारलं, ‘सही नाही केली तर सगळे म्हणतील हावरी आहे. काय सांगू त्यांना?’ मी तिला लक्कम्माची गोष्ट सांगितली. ती लगेच म्हणाली, ‘म्हणजे मीच सोडायचं ना? जास्त नको म्हणणारीच ती.’

नीट ऐक, म्हटलं. लक्कम्मा कुणाला म्हणाली, परत टाकून ये? जो जास्त घेऊन आला होता त्याला. ज्याच्या हातात तुझा वाटा आहे, हावेचा प्रश्न त्याला विचारायचा. तुला नव्हे.

थोडा वेळ फोनवर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘रविवारी सगळे घरी बसणार आहेत. ही गोष्ट मी तिथे सांगते. मावशीलाही.’

पुढच्या मार्चमध्ये त्या सभागृहात पुन्हा बोलावलं तर मी जाईन. कुणी कान्होपात्रा होऊन आली तर तिला आधीच सांगेन, बाळ, आडवी होऊ नकोस. बादशहाला नाही म्हण, अभंग म्हण, आणि चालत मंचावरून खाली ये. गुण मी देते.